कॅन्सर आपोआप विरघळतो का, आणि त्यासाठी थांबावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे. लघवीतून रक्त आलं म्हणून सोनोग्राफी झाली, मग सीटी. उजव्या किडनीत नऊ सेंटीमीटरची गाठ आणि दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक गाठी दिसल्या. बायोप्सीत क्लिअर सेल प्रकारचा किडनीचा कॅन्सर निघाला. हिमोग्लोबिन ९.६, कॅल्शियम थोडं वाढलेलं, चार महिन्यांत वजन सात-आठ किलोंनी उतरलंय. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध, सुचवली आहे. तेवढ्यात काकांनी एक लेख पाठवला: किडनीच्याच कॅन्सरचा एक रुग्ण, औषध काहीच नाही, आणि फुप्फुसातल्या गाठी विरघळून गेल्या. घरात आता दोन तट पडलेत. तुम्ही विचारताय की हे खरं असतं का, तेव्हा शरीरात नेमकं काय होतं, आणि आम्ही तीन महिने थांबून पाहिलं तर चालेल का.

मी बरीच वर्षं कॅन्सरच्या औषधोपचारांची ओपीडी चालवते. हा प्रश्न तिथे नेहमी असतो, पण बहुतेक लोक तो विचारत नाहीत. पुढच्या तारखेला येतच नाहीत. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. असं होतं का, हा एक. आणि बाबांच्या बाबतीत ते व्हावं म्हणून आपल्याला काही करता येईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो. काकांची गोष्ट खोटीच असेल असं मी म्हणणार नाही, कारण किडनीचा कॅन्सर या यादीत अगदी वरच्या ओळीत आहे. दुसऱ्याचं उत्तरही बऱ्याच अंशी हो आहे, पण ती वाट तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या औषधातूनच जाते. ते कसं, हे नीट सांगायला थोडी जागा लागेल.

शिकागोचे दोन सर्जन, टिल्डन एव्हरसन आणि वॉरन कोल, यांनी १९६६ मध्ये या विषयावरचं एक मोठं संकलन छापलं. १९०० ते १९६४ या काळात जगभर छापून आलेल्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांची अट सोपी आणि कडक होती. गाठ पूर्णपणे किंवा अंशतः नाहीशी झालेली असावी, आणि रुग्णाला एक तर काहीच उपचार मिळालेला नसावा किंवा मिळाला तो इतका तोकडा असावा की त्याने गाठ जाणं शक्य नाही. या अटीत बसलेल्या नोंदी निघाल्या १७६. साठ हजार ते एक लाख रुग्णांत एक, असा जो आकडा सगळीकडे फिरतो तो जुन्या काळातला ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षात प्रमाण थोडं जास्तही असेल, कारण प्रत्येक डॉक्टर आपला रुग्ण छापत नाही, आणि आता निदान झालं की उपचार लगेच सुरू होतात, त्यामुळे आपोआप काय झालं असतं हे कळायला वावच राहत नाही.

पण या सरासरीचा तुम्हाला फारसा उपयोग नाही, कारण हा प्रकार सगळ्या कॅन्सरांत सारखा विभागलेला नाही. त्या १७६ मधले निम्म्याहून जास्त रुग्ण फक्त चार प्रकारांचे होते: किडनीचा कॅन्सर, लहान मुलांमधला न्यूरोब्लास्टोमा, त्वचेचा मेलॅनोमा आणि गर्भारपणाशी संबंधित कोरिओकार्सिनोमा. तोंडाचा, स्वादुपिंडाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर असा विरघळल्याची खात्रीची नोंद शोधून सापडणं मुश्कील. यामागे नुसतं नशीब असतं तर अशी विभागणी दिसली नसती. म्हणजे या चार आजारांत काहीतरी वेगळं घडतंय, आणि ते शोधण्यात संशोधकांनी शंभर-सव्वाशे वर्षं घालवली आहेत.

त्या कारणांकडे वळण्याआधी एक खबरदारी. माझ्यापर्यंत 'औषधाविना बरा झाला' म्हणून पोहोचलेल्या बहुतेक गोष्टी कागदपत्रं पाहिल्यावर वेगळ्याच निघतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ टीबीमुळे होतो. मानेतल्या गाठी, फुप्फुसातला डाग, मणक्यातला खड्डा, हे सगळं स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखं दिसू शकतं. कुणीतरी 'कॅन्सर असावा' म्हणतं, घरचे हादरतात, बायोप्सी होत नाही, मग गाठ ओसरते आणि गोष्ट तयार होते. किकुची नावाचा एक आजार आहे. त्यात तरुण मुलींच्या मानेत गाठी येतात, ताप येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नवख्या नजरेला तो लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, वाटू शकतो. तो काही महिन्यांत आपला आपण जातो. म्हणून अशी कुठलीही गोष्ट कानावर आली की मी पहिल्यांदा विचारते: बायोप्सी झाली होती का, नुसती सुईची तपासणी नव्हे, आणि ती स्लाईड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पाहिली होती का?

दुसरा घोळ जास्त घातक आहे. एका तालुक्याच्या गावचे किराणा दुकानदार माझ्याकडे आले होते, पन्नाशीतले. मानेत, काखेत लिंबाएवढ्या गाठी, बायोप्सीत लिम्फोमा. केमोच्या तारखेला ते आले नाहीत. दीड महिन्याने आले ते हसतच: 'डॉक्टर, गाठी गेल्या.' खरोखरच गेल्या होत्या, हाताला एकही लागेना. पण चेहरा गोल गरगरीत झाला होता, गाल लाल, मानेमागे मांस चढलेलं, पायांच्या काड्या. रात्र रात्र झोप नाही, भूक मात्र राक्षसासारखी. पूर्वी कधी मधुमेह नव्हता आणि आता साखर चारशेच्या वर. त्यांनी शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या काढल्या, जडीबुटीच्या म्हणून दिलेल्या. ती सगळी लक्षणं भरपूर स्टेरॉइड पोटात जात असल्याची होती. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने काही आठवडे मरतात, गाठी विरघळतात, आणि मग उरलेल्या चिवट पेशींतून त्या पुन्हा वाढतात. त्यांच्याही परत आल्या, आणि मग आम्ही केमो सुरू केली. पण मधल्या दीड महिन्यात त्यांच्या गावात बातमी पसरली होती की अमुक ठिकाणच्या पुड्यांनी कॅन्सर जातो. त्या पुड्या तिथून आणखी कुणी नेल्या असतील, हे मला आजही छळतं.

तिसरा प्रकार म्हणजे मुळातच सावकाश चालणारे कॅन्सर. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात १८०५ ते १९३३ या काळात स्तनाच्या कॅन्सरवर कुठलाही उपचार न झालेल्या २५० स्त्रियांच्या नोंदी होत्या, आणि १९६२ मध्ये त्यांचा अभ्यास छापला गेला. त्यातल्या निम्म्या स्त्रिया २.७ वर्षांच्या आत गेल्या, पण १८ टक्के पाच वर्षं जगल्या आणि साधारण ४ टक्के दहा वर्षं. त्यांचा कॅन्सर गेला नव्हता, तो हळू चालत होता. अशी स्त्री ज्या वैद्याकडे जात असेल त्याच्या नावावर ती दहा वर्षं जमा होतात.

हे सगळं बाजूला काढल्यावरही खऱ्या घटना उरतात, आणि त्यात सगळ्यात भक्कम पुरावा आपल्या प्रतिकारशक्तीकडे बोट दाखवतो. ही गोष्ट जुनी आहे. न्यूयॉर्कचे तरुण सर्जन विल्यम कोली यांची एक रुग्ण, कोवळी मुलगी, हाडाच्या कॅन्सरने गेली. ते अस्वस्थ होऊन हॉस्पिटलची जुनी दप्तरं चाळत बसले. त्यात एका स्थलांतरित मजुराची नोंद सापडली. मानेवरची गाठ वारंवार कापूनही परत येत होती. मग जखमेत धावरं, म्हणजे जंतूंमुळे पसरणारा त्वचेचा संसर्ग, झालं, जोराचा ताप चढला, आणि गाठ विरून गेली. कोलींनी त्या माणसाला वस्तीत फिरून शोधून काढलं, तर तो सात वर्षांनंतरही ठणठणीत होता. १८९१ मध्ये कोलींनी एका दुसऱ्या रुग्णाच्या गाठीत मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचले. रुग्ण तापाने मरता मरता वाचला, गाठ वितळली, आणि तो पुढे आठ वर्षं जगला. शेवटी कॅन्सर परतूनच गेला. कोलींनी नंतर जिवंत जंतूंऐवजी मारलेल्या जंतूंचं मिश्रण वापरायला सुरुवात केली. त्याचा परिणाम बेभरवशाचा होता. कुणाला लागू पडे, बहुतेकांना नाही, आणि किरणोपचार व केमो आल्यावर ते मागे पडलं.

तापाचा आणि संसर्गाचा हा धागा पुढेही पुन्हा पुन्हा हाती लागतो. १९७१ मध्ये युगांडातून एका आठ वर्षांच्या मुलाची नोंद छापली गेली. बर्किट लिम्फोमामुळे त्याचा डोळा सुजून बाहेर आला होता. उपचार सुरू होण्याआधीच त्याला गोवर निघाला, आणि गोवराबरोबर ती सूज ओसरत गेली. अलीकडे, २०२१ मध्ये, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या डॉक्टरांनी हॉजकिन लिम्फोमाच्या एका ६१ वर्षांच्या रुग्णाचे स्कॅन छापले. त्याला कोविडचा न्यूमोनिया झाला, कॅन्सरचं औषध मिळालं नव्हतं, आणि चार महिन्यांनी पेट स्कॅनमधल्या बहुतेक गाठी दिसेनाशा झाल्या होत्या. तीव्र ल्युकेमियातही गंभीर जंतुसंसर्गानंतर रक्त काही काळ सुधारल्याच्या नोंदी आहेत. हा सुधार बहुधा थोड्या महिन्यांचा असतो, मग आजार परततो.

यामागचं गणित असं. कॅन्सरच्या पेशीत जनुकांचे बदल झालेले असतात, त्यातून काही विचित्र प्रथिनं तयार होतात आणि त्यांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात. आपल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, ते ओळखू शकतात. पण नुसतं ओळखून भागत नाही. धोका आहे असा इशारा सोबत लागतो, नाहीतर टी पेशी स्वस्थ बसतात. जंतुसंसर्गात हा इशारा पूर्ण ताकदीने मिळतो. जंतूंचे अंश ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात, इंटरफेरॉन आणि टीएनएफसारखी रसायनं रक्तात उतरतात, तापात टी पेशींची ये-जा वाढते. त्या गदारोळात आजवर दुर्लक्षित राहिलेली गाठ नजरेत येत असावी. 'असावी' हा शब्द मी विचार करून वापरते, कारण असा रुग्ण सापडतो तेव्हा घटना होऊन गेलेली असते आणि त्या वेळचं रक्त कुणी जपून ठेवलेलं नसतं.

उलट्या बाजूचा पुरावा मला जास्त पटतो, कारण तो आम्हाला ओपीडीत प्रत्यक्ष दिसतो. किडनी बदललेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात आणि त्यामुळे काहींना लिम्फोमासारखा आजार होतो. तेव्हा पहिला उपाय म्हणजे ती औषधं कमी करणं, आणि काही रुग्णांत तेवढ्यानेच गाठी जातात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या काहींना लिम्फोमा होतो आणि गोळी बंद केल्यावर तो ओसरू लागतो. एचआयव्हीच्या रुग्णांमधला कापोसी सारकोमा नावाचा कॅन्सर एचआयव्हीची औषधं सुरू केल्यावर मागे हटतो. या तिन्ही ठिकाणी कॅन्सरवर थेट काहीच दिलेलं नसतं. शरीराची दाबलेली ताकद मोकळी होते, बस्स.

बाबांचा जो कॅन्सर आहे, क्लिअर सेल, तो या बाबतीत खास आहे. त्याच्या गाठीत टी पेशी मोठ्या संख्येने शिरलेल्या दिसतात. आपल्या सगळ्यांच्या जनुकांत लाखो वर्षांपूर्वी घुसून गप्प पडलेल्या विषाणूंचे अवशेष आहेत. या कॅन्सरमध्ये व्हीएचएल नावाचं जनुक बिघडतं आणि त्या गोंधळात असा एक अवशेष जागा होऊन प्रथिनं बनवू लागतो. टी पेशींना ती परकी वाटतात. किडनीतली मूळ गाठ काढल्यावर फुप्फुसातल्या गाठी गेल्याच्या नोंदी १९२८ पासून आहेत. प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी, पण नोंदी खऱ्या. कॅनडात १९९८ मध्ये एक चाचणी छापली गेली. पसरलेल्या किडनी कॅन्सरच्या १९७ रुग्णांपैकी काहींना इंटरफेरॉन गॅमा, बाकीच्यांना नुसतं निष्क्रिय इंजेक्शन. निष्क्रिय इंजेक्शनवाल्यांपैकी ६.६ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय कमी झाल्या, औषधवाल्यांमध्ये ४.४ टक्के. म्हणजे काहीही न देता शंभरातल्या सहा-सात जणांच्या गाठी आटल्या! नवं औषध परिणामकारक आहे असं कुणी म्हटलं की तुलनेला दुसरा गट होता का, हे आम्ही का विचारतो ते यावरून लक्षात येईल.

प्रतिकारशक्ती हे एकच कारण मात्र नाही. न्यूरोब्लास्टोमाची कथा अगदी निराळी आहे आणि मला ती सगळ्यात विलक्षण वाटते. अंगावर गाठी, यकृत फुगलेलं, बोनमॅरोत पेशी पोहोचलेल्या, आणि बाळ चार महिन्यांचं. मोठ्या मुलात हीच अवस्था अतिशय गंभीर. पण एका वर्षाच्या आतल्या बाळांत, कॅन्सरच्या विशिष्ट जनुकाच्या जास्तीच्या प्रती नसतील, तर यातली बरीच बाळं नुसत्या देखरेखीखाली बरी होतात. या पेशी म्हणजे गर्भातल्या, मज्जातंतू बनायच्या वाटेवर अडकलेल्या पेशी. त्या वयात त्यांना एकतर पुढे परिपक्व व्हायचा किंवा पोषक रसायन न मिळाल्यास मरून जायचा कार्यक्रम अजून शिल्लक असतो. १९६३ मध्ये इतर कारणांनी दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या किडनीवरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी तपासल्या तेव्हा असे सूक्ष्म पुंजके अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त सापडले होते, म्हणजे बहुतेक बाळांत ते कुणाला न कळता जिरून जातात. जपानने १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या सगळ्या बाळांची लघवी तपासून हा कॅन्सर लवकर पकडायची देशव्यापी मोहीम चालवली. रुग्णसंख्या वाढली. पण जर्मनी आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासांत अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत असं दिसलं, आणि २००३ मध्ये जपानने ती थांबवायचं ठरवलं. आपोआप जिरले असते असे कॅन्सर शोधून काढून बाळांवर ऑपरेशनं आणि केमो होत होती.

अशीच आणखी काही उदाहरणं आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बाळांच्या रक्तात ल्युकेमियासारख्या पेशी दिसतात आणि बहुतेकांत तीनेक महिन्यांत नाहीशा होतात. काहींना मात्र पुढे खरा ल्युकेमिया होतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. जठराच्या एका लिम्फोमाला हेलिकोबॅक्टर जंतू सतत डिवचत असतो आणि अँटिबायोटिकने जंतू गेला की लिम्फोमाही बऱ्याचदा जातो. यकृताच्या मोठ्या गाठीचा रक्तपुरवठा गुठळी होऊन तुटला आणि गाठ आतून मेली, अशा नोंदी आहेत. सावकाश चालणाऱ्या फॉलिक्युलर लिम्फोमात तर हा प्रकार दुर्मीळही म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये सुरुवातीला उपचार न देता लक्ष ठेवलेल्या ८३ रुग्णांपैकी १९ जणांच्या गाठी आपोआप आटल्या, असं १९८४ मध्ये छापलं गेलं. म्हणून त्या आजारात 'थांबून पाहू' हे आम्ही डॉक्टरच सांगतो.

आता मनाबद्दल. काकांच्या लेखात त्या माणसाची इच्छाशक्ती जबर होती असं लिहिलंय. अशा प्रत्येक लेखात ते असतं. बरं झालेल्याला तुम्ही विचारलं तर तो सांगतोच की मी हार मानली नाही. पण जबर इच्छाशक्ती असूनही गेलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत, आणि मनाने पार खचलेली असूनही औषधाने बरी झालेली इतकी, की मला यात दुवा दिसत नाही. चार महिन्यांच्या बाळाकडे कसली इच्छाशक्ती असते? हे मी कळकळीने सांगते, कारण या समजाची किंमत रुग्ण मोजतो. गाठ वाढली की त्याला वाटतं आपण कमी पडलो. बाबांना कृपा करून 'मन खंबीर ठेवा म्हणजे बरे व्हाल' असं कुणी म्हणू नका. त्यांना भीती वाटली तर वाटू द्या, रडू आलं तर येऊ द्या. प्राणायाम, जप, भजन याने त्यांना बरं वाटत असेल तर अवश्य करावं, झोप लागते, जेवण जातं. गाठीचा हिशेब त्याला जोडू नका.

इथवर सांगितलेल्यातलं बाबांच्या कामाचं एवढंच: किडनीचा कॅन्सर क्वचित आपोआप मागे जातो, तो बहुधा टी पेशींमुळे जातो, आणि तो कधी कुणात जाईल हे आधी सांगता येत नाही. पुढचा प्रश्न साहजिक आहे: मग त्या टी पेशींना आपणच उठवलं तर?

नेमका हाच विचार स्टीव्हन रोझेनबर्ग या अमेरिकन सर्जनला आयुष्यभर पुरला. १९६८ मध्ये ते बॉस्टनमध्ये शिकाऊ डॉक्टर होते. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एक रुग्ण आला. बारा वर्षांपूर्वी त्याचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि तेव्हा यकृतातल्या गाठी तशाच सोडून पोट शिवलं होतं. आता पोट उघडलं तर यकृत स्वच्छ. रोझेनबर्गनी त्या माणसाचं रक्त, परवानगीने, जठराच्या कॅन्सरच्या दुसऱ्या एका रुग्णाला देऊनही पाहिलं. उपयोग झाला नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढे त्यांनी टी पेशी वाढवणारं इंटरल्यूकिन-२ रुग्णांना दिलं, आणि १९९२ मध्ये अमेरिकेत ते किडनीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. थोड्याच रुग्णांना लागू पडे, पण पडलं तर काहींना कायमचं. त्यानंतर कळलं की टी पेशींवर आवर घालणारे ब्रेक असतात आणि कॅन्सर ते ब्रेक दाबून धरतो. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. बाबांना सुचवलेली इम्युनोथेरपी हे ब्रेक सोडवते. मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये लघवीच्या वाटेने बीसीजी, म्हणजे टीबीच्या लशीतला जंतू, सोडतात, ती पद्धतही याच वंशातली, जंतूने प्रतिकारशक्ती जागी करणारी. ते बीसीजी आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनतं.

आकडे सांगते. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी १,०९६ रुग्णांच्या चाचणीत जुन्या गोळीच्या, सुनिटिनिबच्या, तुलनेत तपासली गेली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. मध्यम आणि जास्त जोखमीच्या रुग्णांत जोडीने ४२ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय घटल्या, ९ टक्क्यांच्या स्कॅनवर पूर्ण नाहीशा झाल्या. गोळीने पूर्ण नाहीशा होण्याचं प्रमाण १ टक्का होतं. दीड वर्षानंतर जोडीवाले ७५ टक्के हयात होते, गोळीवाले ६० टक्के. काकांच्या लेखातला माणूस जिथे पोहोचला, तिथे जाण्याची शक्यता या औषधाने कितीतरी वाढते. बाकीच्यांचं काय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं: बऱ्याच जणांना ते लागू पडत नाही, आणि सुटलेल्या टी पेशी कधी आतडी, यकृत, थायरॉइड, फुप्फुस यांच्यावरही उलटतात. जुलाब, धाप, कावीळ यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं.

थांबायचं का? परिस्थितीनुसार उत्तर बदलतं. पसरलेल्या किडनी कॅन्सरमध्येही काही निवडक रुग्णांना आम्ही औषध न देता ठरलेल्या अंतराने स्कॅन करत थांबवतो. असा एक अभ्यास २०१६ मध्ये छापला गेला, ५२ रुग्णांचा. निम्म्यांना सुमारे पंधरा महिने औषधाची गरज लागली नाही. पण ते रुग्ण कोण होते? त्रास काही नाही, वजन टिकून, गाठी थोड्या आणि सावकाश वाढणाऱ्या. बाबांचं हिमोग्लोबिन उतरलंय, कॅल्शियम वाढलंय, आणि निदानानंतर वर्षाच्या आत औषधाची गरज पडते आहे. आमच्या जोखमीच्या मोजणीत हे तीन गुण झाले आणि तीन म्हणजे जास्त जोखीम. त्यात वजनही घटतंय. हे चित्र थांबण्याचं नाही. तीन महिन्यांनी कदाचित त्यांची औषध झेपण्याची ताकदच राहणार नाही.

तुम्ही आणखी एक विचारलंत: किडनी काढून टाकली तर फुप्फुसातल्या गाठी आपोआप जातील का? त्या एका आशेवर ऑपरेशन करू नये, हे फार पूर्वीच ठरलंय, कारण ऑपरेशनची जोखीम त्या शक्यतेपेक्षा मोठी ठरते. २०१८ च्या एका फ्रेंच चाचणीतही बाबांसारख्या रुग्णांत आधी किडनी काढण्याचा फायदा दिसला नाही. तुमचे डॉक्टर औषध आधी म्हणताहेत ते बरोबर आहे. औषध छान लागू पडलं तर किडनीचा विचार पुढे होऊ शकतो. रक्तस्राव किंवा दुखणं आवरत नसेल तर गोष्ट वेगळी.

आणि फक्त पर्यायी उपचारांवर राहण्याबद्दल: अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये, दूर न पसरलेला कॅन्सर असूनही केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली. मृत्यूची जोखीम अडीच पट निघाली, स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त.

आता तुम्ही काय करावं ते सांगते. डॉक्टरांना भेटाल तेव्हा विचारा: बाबांची जोखीम कुठल्या गटात बसते? इम्युनोथेरपीची जोडी की एक इम्युनोथेरपी आणि एक गोळी, आणि बाबांसाठी त्यातलं का? पहिला स्कॅन किती आठवड्यांनी आणि नाही लागू पडलं तर पुढे काय? कॅल्शियमवर आत्ता काय करायचं? हा शेवटचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा, वाढलेल्या कॅल्शियमने माणूस अचानक गळून जातो, बरळतो, बद्धकोष्ठ होतो, आणि त्यावर इंजेक्शन आहे.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो मनात असणारच. या जोडीचा खर्च लाखांत जातो आणि सगळ्यांना तो पेलत नाही. ते मोकळेपणाने बोला, कुठल्याही डॉक्टरला याचं वाईट वाटत नाही. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात महात्मा फुले योजनेत आणि धर्मादाय खाटांत काय बसतं ते विचारा. कंपन्यांच्या मदत योजना असतात, त्यांची माहितीही तिथेच मिळते. जोडी नाहीच जमली तर जेनेरिक गोळ्या आहेत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब केमोच्या गोळ्यांसोबत दिलं, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी औषधात हे झालं. तो वेगळा आजार आहे, त्याचा आकडा किडनीला लावता येत नाही. पण तुमच्या डॉक्टरांना कमी मात्रेबद्दल विचारायला हरकत नाही.

बाबा घरी कुठलं चूर्ण, काढा, पुडी घेत असतील तर ती जशीच्या तशी पिशवीत घालून सोबत न्या. ते रागावतील म्हणून लपवू नका. इम्युनोथेरपी चालू असताना यकृताचे आकडे वाढले तर ते औषधाने की काढ्याने, हे कळायलाच हवं, आणि पुडीत स्टेरॉइड असेल तर ते इम्युनोथेरपीची ताकदच कमी करू शकतं. काकांनाही त्या भेटीला घेऊन जा. त्यांना जे विचारायचंय ते त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलेलं बरं. आणि भेटीची तारीख या आठवड्यातलीच घ्या.